आमच्या अंगणांतील कारखाना

"मे महिन्याच्या सुटींत कोण कोठें गेलें होतें?" असा प्रश्न शाळा उघडल्यावर गुरुजींनीं वर्गांत विचारला. कोणीं महाबळेश्वर सांगितलें, कोणीं गोवें, कोणीं मामाचा गांव. माझी पाळी आली तेव्हां "कोठेंच नाहीं" एवढेंच म्हणून मी खालीं बसलों. उत्तर खोटें नव्हतें. पण तें पुरेंही नव्हतें. त्या सुटींत मी आमच्या अंगणाबाहेर फारसा पडलों नाहीं हें खरें. तथापि त्या वीस हात लांबीच्या अंगणांत मीं जें पाहिलें व जें शिकलों, तें चारचौघांत सांगावयास मला त्या वेळीं धीर झाला नाहीं. कारण त्यांत माझ्या एका चुकीची हकीकत आहे. ती आतां या अंकांत लिहून काढीत आहें.

आमचें घर सोलापुरच्या पूर्व भागांत, अशोक चौकाच्या बाजूस आहे. या भागांत पहांटेपासून यंत्रमागांची खडखड चालूं असते, आणि ती थांबली म्हणजेच आम्हांस कांहींतरी चुकल्यासारखें वाटतें. माझे वडील स्वतःच्या पिकअप गाडीनें मालाची ने-आण करितात. चादरी व टॉवेल यांचे गठ्ठे मागाच्या कारखान्यांतून उचलून गोदामांत नेणें, आणि कधीं कधीं परगांवीं पोंचविणें, हा त्यांचा मुख्य धंदा. डाळिंबांच्या हंगामांत सांगोल्याकडचाही माल मिळतो. गाडी आम्ही जुनी विकत घेतलेली असून तिचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत. "गाडी चालली तर घर चाललें," असें माझी आई नेहमीं म्हणते.

एप्रिलच्या अखेरीस बाबा टॉवेलांचे गठ्ठे घेऊन लातूरला निघाले होते. भर दुपारची वेळ, ऊन चाळीस अंशांच्या वर, आणि गाडींत भरपूर भार. तुळजापूरचा घाट चढत असतां रेडिएटरची एक रबरी नळी फुटली व पाणी गळूं लागलें. उष्णतेचा कांटा वर चढूं लागला. परंतु माल संध्याकाळपर्यंत पोंचविण्याचा शब्द दिलेला होता. म्हणून बाबांनीं घाट संपेपर्यंत गाडी तशीच रेटली. माथ्यावर पोंचतां पोंचतां मागून पांढरा धूर निघाला, इंजिनांत ठक्‌ ठक्‌ असा ठोका ऐकूं आला, आणि गाडी उभी राहिली. माल दुसऱ्या गाडीनें पुढें गेला. आमची गाडी मात्र दुसऱ्या दिवशीं दोर बांधून घरीं आणावी लागली. ती अंगणांत उभी केली तेव्हां आई कांहीं बोलली नाहीं. नुसता तिच्यावरून हात फिरवून आंत गेली.

एका वर्कशॉपांत चौकशी केली असतां खर्चाचा आंकडा लाखाच्या जवळ सांगण्यांत आला, आणि काम पुरें होण्यास महिना लागेल असें कळलें. एक महिना गाडी बंद म्हणजे एक महिना उत्पन्न बंद. हप्ता तर थांबणार नव्हता. त्या रात्रीं आईबाबा उशिरापर्यंत बोलत बसले होते. माझ्या पुढच्या वर्षाच्या शिकवणीचे पैसे बाजूला ठेविले होते, त्यांचाही उल्लेख माझ्या कानांवर आला.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी आळी त्यांस 'मिस्त्रीमामा' म्हणते. घरांत ते तेलुगु बोलतात व आमच्याशीं मराठी. सोलापुरांत कापडाची पहिली मोठी गिरणी १८७७ सालीं सुरू झाली, पुढें आणखीही निघाल्या, आणि भोंग्यावर घड्याळ लावणारें हें गांव गिरण्यांचें म्हणून नांवाजलें गेलें. अशाच एका गिरणींत मिस्त्रीमामांनीं तीस वर्षें फिटरचें काम केलें. पुढें ती गिरणी बंद पडली. परंतु मामांच्या हातांतील पाना खालीं पडला नाहीं. माग असो, पाण्याचा पंप असो कीं मोटारीचें इंजिन असो, त्यांच्या दाराशीं नेहमीं कांहींतरी उघडून ठेविलेलें असावयाचेंच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते गाडीपाशीं आले. त्यांनीं तेलाचा दांडा ओढून पाहिला. त्यावर काळें तेल नव्हतें. दूध घातलेल्या चहाच्या रंगाचा चिकट लगदा होता. मग त्यांनीं बाबांस विचारलें, "कांटा वर चढत होता तेव्हां तुझ्या नजरेस आला होता कीं नाहीं?"

बाबा क्षणभर थांबले. मी जवळच उभा होतों. "आला होता, मामा," ते म्हणाले. "तरी मीं घाट संपेपर्यंत ओढली. चूक माझीच."

"सांगितलेंस तें बरें केलेंस," मामा म्हणाले. "आतां आंत काय काय शोधावयाचें तें मला कळलें."

त्या वेळीं या बोलण्याचा अर्थ मला पुरता उमगला नाहीं. इंजिनाचें धड बिडाचें असतें, व त्यावरील झांकण, ज्यास 'हेड' म्हणतात, तें आमच्या गाडींत अॅल्युमिनियमचें आहे. सारख्याच उष्णतेनें अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. पाणी संपल्यावर इंजिन तापलें कीं हेड बांकतें, त्याच्या खालचें गॅस्केट फुटतें, आणि पाण्याची वाट तेलाच्या वाटेस मिळते. पाणी मिसळलेलें तेल वंगणाचें काम करीत नाहीं. म्हणून खालचीं बेअरिंगें झिजून ठोका येतो. गाडी तापल्यावरही चालविली होती हें ठाऊक नसतें, तर केवळ वरचें हेड दुरुस्त करून इंजिन मिटलें असतें, आणि आठ दिवसांत तोच ठोका पुन्हां आला असता. बाबांच्या एका कबुलीनें कामाची दिशाच ठरली. सबंध इंजिन बाहेर काढावें लागणार होतें.

"काढूं कीं येथेंच," मामा म्हणाले. "क्रँकचें घासकाम तेवढें मशीनवाल्याकडून करून आणूं. बाकीचें आपल्या हातांनीं. हा पोरगा माझा हाताखालचा."

मला झालेला आनंद काय सांगावा! परंतु मामांनीं पहिल्याच दिवशीं मला पाना न देतां रिकामे डबे, सुतळी व जुन्या धोतराच्या चिंध्या दिल्या. प्रत्येक नट व बोल्ट कोठून निघाला हें चिठीवर लिहून तो त्या त्या डब्यांत ठेवणें, आणि प्रत्येक नळीस व तारेस चिंधी बांधून तिजवर आंकडा घालणें, एवढेंच माझें काम. मीं म्हटलें, "मामा, मी मोबाईलवर छायाचित्रें घेतों, मग चिठ्या कशास?" ते म्हणाले, "छायाचित्रेंही घे. पण छायाचित्रांत वस्तु कोठें होती तें दिसतें. ती कोणती होती तें चिठीच सांगते." हें वाक्य पुढें मला चांगलेंच आठवावें लागलें.

काम सुरू झालें. प्रथम बॅटरीचें ऋण टोक सोडविलें, म्हणजे चुकून तारेंतून ठिणगी उडण्याचें भय राहत नाहीं. मग रेडिएटरमध्यें उरलेलें पाणी घमेल्यांत काढलें. या पाण्यांत गार राखणारें एक औषध मिसळलेलें असतें. तें चवीस गोड पण विषारी असल्यामुळें कुत्रीं-मांजरें तें पिऊन मरतात. म्हणून मामांनीं तें उघडें राहूं दिलें नाहीं. खराब तेलही गटारांत न ओततां डब्यांत भरून जुनें तेल नेणाऱ्यास देण्यासाठीं वेगळें ठेविलें. "आपलें इंजिन सुधारावयाचें म्हणून आळीचें पाणी नासवावयाचें नाहीं," असें ते म्हणाले.

त्यानंतर बॉनेट उतरविलें, पुढची जाळी काढली, रेडिएटर व पंखा काढला. डिझेलच्या नळ्या सोडवून त्यांच्या तोंडांत स्वच्छ कापडाचे बोळे बसविले. कारण आमच्या गांवची उन्हाळ्यांतील धूळ किती बारीक असते हें सोलापूरकरांस सांगावयास नको. धुराड्याच्या नळीचे नट गंजून घट्ट झाले होते. बाबांनीं जोर लावण्यास आरंभ केला, तोंच मामांनीं त्यांस थांबवून नटांवर तेल सोडलें व म्हणाले, "आज यांना पिऊं द्या, उद्यां येतील." दुसऱ्या दिवशीं ते खरोखरच सुटले. गिअरबॉक्सच्या खालीं जॅक व लांकडाचा ठोकळा देऊन तिला आधार दिला, आणि मग इंजिन व गिअरबॉक्स यांस जोडणारे बोल्ट काढले. शेवटीं इंजिन केवळ आपल्या दोन पायांवर बसून राहिलें.

आतां तें उचलावयाचें कसें? अंगणांत आमचें जुनें कडुनिंबाचें झाड आहे. त्याच्या फांदीस साखळी बांधावी असें बाबांस वाटत होतें. मामांनीं फांदीकडे पाहून मान हलविली. "ही फांदी किती भार सोसते हें तिनें आपल्याला कधीं सांगितलेलें नाहीं," ते म्हणाले. विंधनविहिरींतील पंप वर काढणारे लोक लोखंडी नळ्यांची जी उंच तिपाई वापरतात, ती त्यांनीं भाड्यानें आणविली. तिचे तिन्ही पाय फाकूं नयेत म्हणून तळाशीं साखळीनें एकमेकांस बांधिले, आणि वर चेन-कुप्पी अडकविली. नंतर आम्हां सर्वांस एक नियम घालून दिला : टांगलेल्या वजनाखालीं हात नाहीं, पाय नाहीं, डोकें तर नाहींच, मग तें वजन कितीही स्थिर दिसो.

दुसऱ्या दिवशीं पहांटे, ऊन तापण्यापूर्वी, इंजिन उचलण्याचें ठरलें. इंजिनाचें वजन सुमारें दोनशें किलो. साखळी ओढण्याचें काम मामांनीं मला दिलें, तेव्हां ते थट्टा करीत आहेत असें मला वाटलें. पण मीं साखळी ओढली आणि काय आश्चर्य! तें धूड हलकेंच हललें, पुढें झुकलें, आणि बोटभर वर आलें. बोटभर वर येण्यास मला हात-दीड हात साखळी ओढावी लागली होती. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत मीं वाचलें होतें कीं, यंत्र फुकट कांहीं देत नाहीं. जोर वांचवावयाचा असेल तर अंतर अधिक चालावें लागतें. तो नियम मीं परीक्षेंत लिहिला होता; पण तो मला खरा समजला त्या पहांटे. सिराक्यूजच्या आर्किमिडीजनें कप्प्यांच्या साह्यानें भरलेलें जहाज एकट्यानें ओढून दाखविलें अशी कथा प्लुटार्कनें लिहून ठेविली आहे. तिच्यावर माझा त्या दिवसापासून विश्वास बसला. अर्ध्या तासानें इंजिन तिपाईखालीं टांगलें होतें. बाबांनीं व शेजाऱ्यांनीं गाडी मागें ढकलली, आणि तें हलकेंच लांकडी ओंडक्यांवर उतरविलें.

इंजिन उघडण्याचे पुढील चार दिवस माझ्या आयुष्यांतील फार आनंदाचे गेले. डिझेल इंजिनांत ठिणगी लागत नाहीं. आंत घेतलेली हवा विसाव्या हिश्श्याच्या आसपास दाबली जाते; त्या दाबानेंच ती पांचशें अंशांच्या वर तापते, आणि तींत डिझेलचा बारीक फवारा पडतांच तो पेट घेतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें असें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. हें मामांस ठाऊक नव्हतें, तें मीं त्यांस सांगितलें. उलट जें मला ठाऊक नव्हतें तें त्यांनीं सांगितलें. इंजिनाचा क्रँक दोन फेरे करितो तेव्हां झडपा उघडणारा कॅमचा दांडा एक फेरा करितो, हें पाहून मी विचारांत पडलों असतां ते म्हणाले, "यांत नवल काय? साध्या मागांतही वरचा क्रँक दोनदां फिरतो तेव्हां खालचा टॅपेटचा दांडा एकदां फिरतो. तेथें दोरे वर-खालीं होतात, येथें झडपा. माग चालविणाऱ्याला इंजिन परकें नाहीं."

कॅमच्या दांड्याविषयीं आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. आमच्याच गांवांत १९९२ सालीं स्थापन झालेली 'प्रिसिजन कॅमशाफ्ट्स' ही कंपनी असे दांडे तयार करिते, आणि येथें घडलेले दांडे देशोदेशींच्या मोटारींत बसतात. सोलापुरचें नांव चादरींवर असतें तें लोक वाचतात. दूरदेशींच्या इंजिनांत फिरणारें सोलापूर मात्र कोणास दिसत नाहीं.

आतां माझ्या चुकीकडे येतों.

पिस्टन व क्रँक यांस जोडणारा जो दांडा असतो, त्याचें खालचें टोक दोन भागांचें असतें. अर्धा भाग दांड्यास असतो व उरलेला अर्धा म्हणजे वेगळी टोपी. ती दोन बोल्टांनीं आवळतात. आमच्या इंजिनांत असे चार दांडे व चार टोप्या. कारखान्यांत दांडा व टोपी एकत्र आवळून मगच त्यांतील भोंक कापून गोल करितात. म्हणून प्रत्येक टोपी आपल्याच दांड्याची असते. दुसऱ्या दांड्यास ती बसते, बोल्टही आवळले जातात, वरून कांहीं दिसत नाहीं. पण भोंक खरें गोल राहत नाहीं. बेअरिंग व क्रँक यांच्यामध्यें तेलाचा जो थर राहतो तो केंसाच्या जाडीहूनही पातळ असतो. तेथें एवढासा फरकही बेअरिंग जाळून टाकावयास पुरेसा होतो.

कांहीं इंजिनांत या टोप्यांवर आंकडे ठोकलेले असतात. आमच्या इंजिनांत ते नव्हते. म्हणून मामांनीं प्रत्येक दांडा व त्याची टोपी चिंधीनें एकत्र बांधून वर आंकडा लिहिला होता, आणि त्या जोड्या रॉकेलनें धुण्यास मला दिल्या होत्या. "एका वेळीं एकच जोडी सोड," असें त्यांनीं मला दोनदां बजाविलें. नंतर ते व बाबा हेड घेऊन अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत गेले.

संध्याकाळची वेळ होती. आळींतील मुलें क्रिकेट खेळावयास निघालीं होतीं व मला हांका मारीत होतीं. एकेक जोडी धुण्यास वेळ लागत होता. मीं चारही जोड्या सोडल्या आणि एकाच घमेल्यांत टाकल्या. भराभर घासून, पुसून, त्या फरशीवर मांडल्या. आणि मग माझ्या लक्षांत आलें कीं टोप्या कोणाच्या कोणत्या तें मला सांगतां येत नाहीं.

पहिली ओळखूं आली. कारण ठोका तिच्याच बेअरिंगांत होता व ती आंतून काळवंडली होती. चौथीच्या कडेस एक ओरखडा होता, तो मला आठवत होता. राहिल्या दुसरी व तिसरी. दोन्ही हुबेहूब सारख्या. मोबाईलवरील छायाचित्रें मीं पुनःपुन्हां पाहिलीं. तींत टोप्या होत्या, पण तेलानें माखलेल्या. त्या कोठें होत्या तें दिसत होतें. कोणती कोणती होती तें दिसत नव्हतें. शेवटीं अंदाजानें एक टोपी दुसऱ्या दांड्यास व एक तिसऱ्यास बांधिली, चिंध्यांवरचे आंकडे पुन्हां नीट लिहिले, आणि खेळावयास गेलों. मामा परत आल्यावर त्यांनीं चारही जोड्या पाहिल्या आणि म्हणाले, "स्वच्छ धुतल्यास. शाबास!"

ती शाबासकी मला रागावण्याहून जड वाटली. रात्रीं जेवण गेलें नाहीं. अंथरुणावर पडलों तरी शेजारच्या मागांचा आवाज 'दोन-तीन, दोन-तीन' असाच ऐकूं येऊं लागला. मीं मनाची समजूत घालूं लागलों, कीं अंदाज बरोबर असण्याचा संभव निम्मा आहे. आणि चुकला असला तरी इंजिन कांहीं दिवस चालेलच. पुढें बिघडलें तर तें माझ्यामुळें असें कोण म्हणेल? हा शेवटचा विचार मनांत आला तेव्हां मात्र मी उठून बसलों. बाहेरच्या खोलींत बाबा वहींत हिशेब लिहीत होते. सुट्या भागांच्या किंमती, मशीनवाल्याची मजुरी, हप्त्याची तारीख. "मीं कांटा पाहिला होता, चूक माझीच," हे त्यांचे शब्द मला आठवले. ते त्यांनीं माझ्यासमोर, कसलीही सबब न सांगतां उच्चारले होते.

मीं त्यांस सर्व सांगितलें. त्यांनीं वही मिटली. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाहीं. "मला सांगितलेंस तें ठीक," ते म्हणाले. "पण उद्यां सकाळीं टोप्या मामा बसविणार आहेत. त्यांना सांगून ये. आतांच."

मिस्त्रीमामा दारापुढें बाजेवर बसले होते. "काय बे, इतक्या रात्रीं?" त्यांनीं आपल्या अस्सल सोलापुरी धाटणीनें विचारलें. मीं अडखळत अडखळत सर्व हकीकत सांगितली, क्रिकेटचीही सांगितली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "गिरणींत रात्रपाळी संपली कीं आम्ही सकाळच्या फिटराला सांगून जात असूं : अमक्या मागाचा बोल्ट ढिला राहिला आहे, तमक्याचा दांता तुटला आहे. त्यांत आमची चूक असली तरी सांगावयाचें. न सांगतां गेलें तर दुसऱ्याचा हात त्यांत जावयाचा." थोड्या वेळानें ते पुन्हां म्हणाले, "जा, नीज. लोखंडावरही लिहिलेलें असतें. सकाळीं वाचूं."

सकाळीं त्यांनीं एका डबींतून एक लहानसें घडीचें भिंग काढलें. गिरणींत कापडाच्या एका इंचांत किती धागे आहेत तें मोजण्यासाठीं हें भिंग वापरीत. गिरणीची एवढीच वस्तु त्यांच्यापाशीं उरली होती. त्यांनीं दुसऱ्या दांड्यास मीं बांधिलेली टोपी बोल्टांनीं आवळली, तो जोड उजेडांत धरला, आणि भिंग माझ्या हातीं दिलें. "काय दिसतें?"

मीं पाहिलें. लोखंड कापतांना हत्यारानें उमटविलेल्या अत्यंत बारीक रेघा दांड्यावर होत्या, तशाच टोपीवरही होत्या. पण सांध्यापाशीं त्या एकमेकींस मिळत नव्हत्या. जणूं दोन निरनिराळ्या कापडांचे तुकडे शेजारीं ठेविले होते. बोटाचें नख सांध्यावरून फिरविलें असतां तें किंचित् अडखळलें. मग मामांनीं टोप्यांची अदलाबदल केली. आतां दांड्यावरील रेघ सांधा ओलांडून थेट टोपीवर गेली, आणि नख कोठेंही अडलें नाहीं. तिसऱ्याचीही तीच गोष्ट.

माझा अंदाज चुकला होता. मी गप्प राहिलों असतों, तर बाबांची सारी मेहनत व सारा पैसा त्या दोन टोप्यांखालीं जळून गेला असता.

तरी मामांचें समाधान झालें नाहीं. चारही दांडे आवळून ते मशीनवाल्याकडे नेले, व प्रत्येक भोंक आडवें, उभें व तिरपें मोजून तें गोल असल्याची खात्री करून घेतली. परत आल्यावर त्यांनीं एक टोंचा व हातोडी माझ्या हातीं दिली. पहिल्या दांड्याच्या कडेवर व त्याच्या टोपीवर एकेक टिंब, दुसऱ्यावर दोन दोन, याप्रमाणें चौथ्यापर्यंत माझ्याच हातानें ठोकून घेतलीं. "आतां हें इंजिन पुन्हां कोणीं उघडलें, तर त्याला चिंधी लागणार नाहीं," ते म्हणाले. याखेरीज त्या चुकीविषयीं ते मला पुढें एक शब्दही बोलले नाहींत.

क्रँक घासून पाव मिलीमीटरनें बारीक झाला होता. त्यास साजेशीं नवीं जाड बेअरिंगें आलीं. हेड सपाट करून आलें होतें. सरळ पट्टी लावून मामांनीं तें पुन्हां तपासलें. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत, ठरलेल्या जोरानें आवळले. एकदम आवळले तर हेड पुन्हां बांकतें. प्रत्येक डब्यांतील चिठी वाचून मी बोल्ट हातीं देत होतों. शेवटचा डबा रिकामा झाला तेव्हां एकही बोल्ट उरला नव्हता व एकही कमी पडला नव्हता.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत, एका संध्याकाळीं, बाबा किल्ली घेऊन बसले. डिझेलच्या नळ्यांतील हवा काढलेली होती. प्रथम इंधन बंद ठेवून इंजिन नुसतें फिरविलें, तों तेलाचा तांबडा दिवा विझला. म्हणजे तेल सगळीकडे पोंचलें. मग इंधन सोडलें. इंजिन एकदां खोकलें, थोडा धूर सोडला, आणि चालूं झालें. ठोका नव्हता. आईनें नारळ फोडला. आळींतील मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मिस्त्रीमामा डोळे मिटून, मान किंचित् वांकडी करून ऐकत होते.

एकंदर खर्च बेचाळीस हजार रुपये आला. मामांनीं आपली मजुरी इतकी थोडी सांगितली कीं बाबांनीं तिच्या दुप्पट पैसे पुढें केले. मामांनीं त्यांतील निम्मे परत दिले. माझ्या शिकवणीच्या पैशांस हात लावावा लागला नाहीं.

जूनमध्यें शाळा उघडण्यापूर्वीं बाबा मला सोबत घेऊन लातूरला गेले. नवें इंजिन रुळेपर्यंत भार कमी ठेवावयाचा असल्यामुळें गाडींत अर्धाच माल होता. तुळजापूरचा घाट लागला. कांटा मधोमध स्थिर होता. तरीही अर्ध्या घाटांत बाबांनीं गाडी बाजूस घेतली, बॉनेट उघडलें, आणि नवी रबरी नळी मला दाखवून म्हणाले, "हात लावूं नकोस, नुसती पाहा." मीं पाहिली. मग कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकला. चारही पिस्टन एका सुरांत चालले होते. त्यांतला दुसरा कोणता व तिसरा कोणता हें मला कांहीं केल्या ओळखतां आलें नाहीं. आणि तें ओळखूं येऊं नये, यासाठींच तर तो सारा खटाटोप होता.

— इयत्ता १० वींतील एक विद्यार्थी